घुणाक्षर वाचणारे डोळे

संस्कृतातल्या लौकिक न्यायांमध्ये घुणाक्षर न्याय नावाचा एक न्याय आहे. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो आपल्या भुकेपायी लाकडात वेड्यावाकड्या रेघा कोरत जातो आणि कधीतरी त्या रेघांतून एखादे अक्षर उमटते. निव्वळ योगायोगाने घडलेल्या गोष्टीसाठी हा दाखला देतात. कर्त्याचा तसा हेतू नव्हता आणि त्याच्या अंगी ते कौशल्यही नव्हते, एवढेच त्यातून सुचवायचे असते. पण या दृष्टान्तात आणखी एक पात्र गृहीत धरलेले आहे आणि त्याचा उल्लेख कोणी करत नाही. आपण अक्षर कोरले हे किड्याला कळत नाही. ते कळते अक्षरओळख असलेल्या माणसाला. असा माणूस तिथे आलाच नाही, किंवा आला पण घाईत निघून गेला, तर लाकडाला भोके पडली एवढीच नोंद उरते. तंत्रज्ञानाच्या मदतीने चालणाऱ्या शिक्षणात नव्या कल्पनांना आणि अवचित लागणाऱ्या शोधांना वाव कसा द्यायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याची ओळख करून देताना मला जे सांगायचे आहे ते सगळे या अनुल्लेखित वाचकाभोवती फिरते.

इंग्रजीत अशा अवचित शोधासाठी ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द आहे. तो होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या एका पत्रात घडवला. सरनदीब हे श्रीलंकेचे जुने अरबी-फारसी नाव. तिथल्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून त्याला हा शब्द सुचला. कथेतले राजपुत्र प्रवासात न शोधलेल्या गोष्टी शोधून काढतात. वाटेच्या एकाच बाजूचे, तेही निकृष्ट, गवत खाल्लेले पाहून ते ओळखतात की पुढे गेलेले जनावर एका डोळ्याने आंधळे होते. गवत सगळ्याच वाटसरूंना दिसत होते, अनुमान मात्र या तिघांनी केले. वॉलपोलने शब्दाचा अर्थ सांगताना योगायोगाबरोबर चाणाक्षपणाही घातला होता. पुढे बोलण्यातल्या वापरात चाणाक्षपणा गळाला आणि नशीब तेवढे राहिले. पेनिसिलीनच्या कथेचेही असेच झाले आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचपात्रात बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू नाहीसे झाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याआधी काही वर्षे फ्लेमिंग यांनी अश्रूंत आणि शरीरातल्या इतर स्रावांत असलेले, जिवाणूंना विरघळवणारे लायसोझाइम शोधले होते, हे फारसे सांगितले जात नाही. जिवाणू कशाने तरी विरघळतात हे दृश्य त्यांच्या डोळ्यांना परिचयाचे होते, म्हणून ते त्या पात्रापाशी थांबले. बुरशी पडलेली पात्रे त्या काळात किती प्रयोगशाळांतून धुऊन टाकली गेली असतील याची गणती कोणाकडेच नाही.

माझा मुद्दा असा आहे. शिकताना योगायोग सतत घडत असतात. मूल चुकते, भलतेच बटण दाबते, उत्तराऐवजी वेगळेच काहीतरी त्याच्या हाती येते. अशा योगायोगांचा तुटवडा कधीच नसतो. तुटवडा असतो तो त्यांची दखल घेण्याचा. शिक्षणात येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाकडे पाहताना म्हणूनच एक प्रश्न आधी विचारायला हवा: अनपेक्षित काही घडले, तर ते पाहायला, त्यापाशी थांबायला आणि त्याबद्दल कोणाला तरी विचारायला इथे जागा आहे का? आज पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत, सरावाची ॲप्स आहेत, विचारताक्षणी उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मुलांच्या खिशात पोहोचली आहे. यातली बरीच साधने मुलाला ठरलेल्या मुक्कामाला लवकर पोहोचवण्यासाठी बनवलेली आहेत, आणि वाटेत रेंगाळणे त्यांच्या हिशेबात वेळेचा अपव्यय ठरते. मराठी विश्वकोशाच्या छापील खंडात अणूची नोंद शोधणाऱ्याची नजर वर्णानुक्रमामुळे वाटेत अजिंठ्यावर पडण्याची शक्यता असते. शोधचौकटीत ‘अणु’ असे लिहिणारा थेट अणूपाशी उतरतो. ही सोय मोठी आहे आणि ती सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही. तिच्याबरोबर वाटेवरचा शेजार जातो, एवढे मात्र लक्षात ठेवायला हवे. छपाईने जो शेजार आपोआप दिला होता, तो आता कोणीतरी जाणीवपूर्वक रचावा लागणार आहे.

असा शेजार रचता येतो याचे एक उत्तम उदाहरण खगोलशास्त्रात आहे. २००७ साली ‘गॅलक्सी झू’ हा प्रकल्प सुरू झाला. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाशपाहणीतून आलेली सुमारे दहा लाख दीर्घिकांची चित्रे सामान्य लोकांपुढे ठेवायची आणि प्रत्येक दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार एवढेच त्यांनी सांगायचे, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या वर्षातच दीड लाखांवर लोकांनी मिळून पाच कोटींहून जास्त वर्गीकरणे केली. त्यांतल्या हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळाशिक्षिका. आयसी २४९७ या दीर्घिकेच्या चित्रात त्यांना खाली एक निळसर डाग दिसला. समोरच्या ठरावीक बटणांपैकी एक दाबून त्या पुढच्या चित्राकडे जाऊ शकल्या असत्या. त्यांनी प्रकल्पाच्या चर्चापटावर ‘हे काय आहे?’ असे विचारले. तो डाग म्हणजे वायूचा प्रचंड मेघ निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातला, आता मंदावलेला क्वेसार पूर्वी प्रखर होता आणि त्याच्या जुन्या प्रकाशाने हा मेघ अजून उजळलेला होता. पुढे हबल दुर्बीण त्याच्याकडे वळवण्यात आली. याच प्रकल्पातल्या हौशी लोकांनी लहान हिरव्या ठिपक्यांची चित्रे जमवली आणि २००९ साली ‘हिरवे वाटाणे’ या नावाने दीर्घिकांचा एक नवा प्रकार शास्त्रीय साहित्यात दाखल झाला. या दोन्ही गोष्टी प्रकल्पाच्या उद्दिष्टांत नव्हत्या. आखणाऱ्यांनी बटणांच्या पलीकडे विचारायला एक जागा ठेवली होती, आणि विचारलेल्या प्रश्नाकडे पाहायला जाणकार माणसे तिथे होती. बटणे तेवढी ठेवली असती तर पाच कोटी वर्गीकरणांच्या ढिगात तो निळा डागही एक वर्गीकरण होऊन राहिला असता.

वर्गातल्या गणितात हेच अगदी लहान प्रमाणात दिसते. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला आज्ञा द्यायच्या: इतके पुढे जा, इतके अंश वळ. मुलाला समभुज त्रिकोण काढायचा आहे असे समजा. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा हे त्याला पाठ आहे, म्हणून ते कासवाला पुढे जायला आणि ६० अंश वळायला तीनदा सांगते. त्रिकोण होत नाही; तीन बाजूंनंतर आकृती पसरट आणि उघडीच राहते. सरावाच्या एखाद्या ॲपमध्ये इथे लाल फुली उमटेल आणि बरोबर उत्तर १२० असल्याचे सांगितले जाईल. मूल १२० लक्षात ठेवेल, पुढचा प्रश्न येईल. लोगोमध्ये फुली उमटत नाही. आकृती समोर तशीच असते, आणि मुलाने कुतूहलाने तीच आज्ञा आणखी तीनदा दिली तर कासव नेमके निघाल्या जागी परत येते. त्रिकोण काढायला निघालेल्या मुलाच्या हाती षटकोन लागतो. कासव वळते ते बाह्यकोनातून, आंतरकोनातून नव्हे. आणि स्वतःला न छेदणाऱ्या कुठल्याही बंद बहुभुजाकृतीभोवती एक फेरी पूर्ण करताना एकूण वळण ३६०च भरते, हा भूमितीतला सुंदर सिद्धान्त या चुकीच्या पोटात दडलेला आहे. चूक दोन्हीकडे तीच. एका साधनाने ती पुसून टाकली, दुसऱ्याने ती मुलासमोर राहू दिली. तरीही लोगोने सिद्धान्त शिकवला असे म्हणता येत नाही. षटकोन पाहून मूल हसून पुढे जाऊ शकते. ‘सहा वेळा साठ म्हणजे किती झाले? मग तीन बाजूंत परत यायचे तर दर वेळी किती वळायला हवे?’ असे विचारणारे कोणी शेजारी असेल, तर आणि तरच लाकडावरची रेघ अक्षर म्हणून वाचली जाते.

शिकवण्याच्या पद्धतीचा कुतूहलावर काय परिणाम होतो, याचा एक नेटका प्रयोग एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना अनेक करामती असलेले एक नवे खेळणे दिले. काही मुलांना प्रयोगकर्तीने शिक्षिकेच्या आविर्भावात त्यातली एकच करामत, चूंचूं वाजणारी नळी, नीट दाखवली. काहींसमोर ती नळी जणू चुकून वाजली असे भासवले. ज्यांना रीतसर शिकवले होते ती मुले बहुतेक वेळ तीच नळी वाजवत राहिली. ज्यांच्यासमोर ती ‘चुकून’ वाजली, त्यांनी खेळण्याची उलथापालथ करून इतर करामतीही शोधल्या. मुलांचा तर्क चुकीचा नव्हता: जाणत्या माणसाने एवढेच दाखवले, म्हणजे दाखवण्यासारखे एवढेच असणार. प्रत्येक पायरी पूर्ण समजावणारे, प्रत्येक प्रश्नाला एकच वाट ठेवणारे सॉफ्टवेअर मुलाला नेमका हाच संदेश देत असते. कुतूहलाबद्दलचा आणखी एक निष्कर्ष इथे जोडून पाहण्यासारखा आहे. २०१४ साली मथियास ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एखाद्या प्रश्नाच्या उत्तराची उत्सुकता ताणलेली असताना मध्येच दाखवलेले, त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेसुद्धा लोकांच्या अधिक लक्षात राहतात. उत्सुक मन ठरल्यापेक्षा जास्त वेचते. अवचित शोधाची जमीन अशी तयार होते, आणि उत्तर क्षणात हाती देऊन आपण ती जमीन कोरडी ठेवतो.

इथपर्यंत आल्यावर कोणीही विचारील की मग साधने मुलांच्या हाती देऊन बाजूला व्हावे का? या कल्पनेची सर्वांत गाजलेली परीक्षा भारतातच झाली. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्रा यांनी दिल्लीतल्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला. भिंतीपलीकडच्या झोपडवस्तीतल्या मुलांना कोणी काही शिकवले नाही, तरी थोड्याच काळात ती संगणक चालवू लागली. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत आणि थांबा सुचवणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. संगणकाची भाषा ठाऊक नसलेल्या मुलांनी आपल्या अनुभवातून नावे घडवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाव ठेवणे ही दखल घेण्याची पहिली पायरी असते. पुढे सिंधुदुर्गासह देशाच्या अनेक भागांत अशा खिडक्या उघडल्या. पण या प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. मार्क वॉरशॉअर यांनी दिल्लीतली जागा पाहून लिहिले की मुले बराच वेळ खेळ खेळण्यात आणि चित्रे रंगवण्यात घालवत होती आणि शिकवणारे कोणी नाही ही पालकांची तक्रार होती. पायल अरोरा उत्तराखंडातल्या दोन ठिकाणी काही वर्षांनी गेल्या तेव्हा तिथला उपक्रम बंद पडलेला होता. मित्रा यांच्या पुढच्या कामाची दिशाही बोलकी आहे. तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावातल्या प्रयोगात त्यांनी विषय न जाणणारी पण मुलांच्या पाठीशी उभी राहून ‘हे कसे केलेस, मला दाखव’ असे विचारणारी व्यक्ती आणली. नंतर ब्रिटनमधल्या निवृत्त शिक्षिका आणि आज्या पडद्यावरून मुलांशी बोलू लागल्या. माणसाविना शिकण्याचा प्रयोग अखेर माणसाकडे वळला. यात त्या प्रयोगाचे अपयश पाहण्यापेक्षा त्याचा सर्वांत महत्त्वाचा शोध पाहावा असे मला वाटते.

देशपातळीवर हाच धडा पेरूने दिला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कल्पनेने भारून तिथल्या सरकारने साडेआठ लाखांच्या आसपास लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. दर मुलामागे संगणकाचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ पर्यंत गेले, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या चाचण्यांत मात्र काही वाढ दिसली. यंत्रे आली, मुलांनी ती हाताळली, हाताळण्यातून काहीतरी घडलेही. पण जे घडत होते त्याला वर्गातल्या विषयाशी जोडणारा दुवा तयार झाला नाही. आपल्याकडे अटल टिंकरिंग प्रयोगशाळांचे जाळे दहा हजार शाळांपर्यंत गेले आहे आणि प्रत्येकीसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. ही गुंतवणूक स्वागतार्ह आहे. तिचे फळ थ्रीडी प्रिंटर किती आले यावर ठरणार नाही. संचासोबत आलेल्या सूचनापत्रकाप्रमाणे दिवा लागला नाही, तर ‘का लागला नाही?’ या प्रश्नावर संपूर्ण तास घालवण्याची मुभा शिक्षकाला आहे की नाही, यावर ते ठरेल.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप बोधनिक मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे आणि तो भक्कम आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली मांडले की नवशिक्याची कार्यस्मृती फार थोडे पेलू शकते. त्याला मार्गदर्शनाविना शोधायला सोडले की ती सगळी चाचपडण्यातच खर्च होते. लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १६४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच दिसले: मदतीविना शोधण्यापेक्षा थेट शिकवणे सरस ठरते. मात्र त्याच विश्लेषणाचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. शोधताना संकेत मिळाले, स्वतःचे म्हणणे समजावून सांगायला लावले, सोडवलेली उदाहरणे सोबत दिली, तर असा सहाय्यित शोध इतर पद्धतींहून सरस ठरला. मनू कपूर यांचे काम हा मुद्दा आणखी पुढे नेते. सिंगापूरच्या नववीतल्या मुलांना प्रमाण विचलन शिकवण्याआधी काही फुटबॉलपटूंच्या वर्षावर्षाच्या गोलांचे आकडे देऊन विचारले: सर्वांत सातत्यपूर्ण खेळाडू कोण, हे ठरवायची रीत तुम्हीच काढा. मुलांनी नाना रीती काढल्या, प्रमाण विचलनाचे सूत्र कोणालाच सापडले नाही. मग शिक्षकाने मुलांच्याच रीती फळ्यावर मांडून कुठली कुठे तोकडी पडते ते दाखवले आणि नंतर सूत्र दिले. आधी सूत्र शिकलेल्या मुलांपेक्षा या मुलांची समज खोल निघाली आणि हिशेबाच्या कौशल्यातही ती मागे राहिली नाहीत. तन्मय सिन्हा आणि कपूर यांनी २०२१ साली अशा ५३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा आधी प्रयत्न आणि मग अध्यापन या क्रमाचा सरासरी फायदा ०.३६ प्रमाण विचलनाइतका दिसला. मुलांच्या प्रयत्नांवर पुढचे शिकवणे जिथे खरोखर उभारले, तिथे तो त्याहून जास्त होता. म्हणजे आक्षेप घेणारे आणि शोधाचे पुरस्कर्ते दोघेही एकाच जागी पोहोचतात. फ्लेमिंग यांना लायसोझाइम माहीत नसते तर बुरशी दिसली नसती; मुलाला गुणाकार येत नसेल तर षटकोनातले ३६० दिसणार नाहीत. अक्षरओळख आधी लागते, आणि ती द्यायचे काम शिकवण्याचेच आहे.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा आहे. ठरलेल्या वाटेने, मुलाच्या पातळीप्रमाणे चालवणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते हे सिद्ध झालेले असताना रेंगाळण्याचा आग्रह कशासाठी? दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाची चाचणी घेतली. अवघ्या साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची प्रगती दिसली. ही प्रगती लहान नाही, आणि आपल्या इयत्तेच्या अनेक वर्षे मागे पडलेल्या मुलांसाठी तर ती जीवन बदलणारी ठरू शकते. तिच्याकडे पाठ फिरवून केलेली कुतूहलाची भाषा निष्ठुर होईल. पण हा कार्यक्रम का चालला ते पाहिले तर तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. मुलाचे उत्तर चुकले एवढ्यावर तो थांबत नाही. ते कुठल्या प्रकारे चुकले यावरून पुढे काय द्यायचे ते ठरवतो. चुकीकडे पाहणे हाच त्याचा गाभा आहे. शिवाय दीड तासाच्या सत्रातला निम्माच वेळ संगणकापुढे जाई; उरलेल्या वेळात लहान गटाला शिकवायला माणूस असे. अशा साधनाला एकच मर्यादा आहे: आधी ओळखून ठेवलेल्या चुकाच ते वाचू शकते. जी चूक त्याच्या यादीत नाही, जिच्यात नवी कल्पना असू शकते, ती वाचायला माणूसच लागतो. सरावाचे काम यंत्राने चोख करावे, आणि त्यातून वाचलेला शिक्षकाचा वेळ या न ओळखलेल्या चुकांसाठी राखून ठेवावा, ही वाटणी मला न्याय्य वाटते.

उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न तातडीचा केला आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात काहींना गणिताच्या सरावासाठी नेहमीसारखा चॅटबॉट दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा मात्र तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण मिळाले. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांनी बांधून दिले होते: उत्तर द्यायचे नाही, मुलांच्या नेहमीच्या चुका ओळखून इशारा द्यायचा. सरावात ही मुले आणखी पुढे गेली आणि परीक्षेतले नुकसान जवळजवळ नाहीसे झाले. दोन्हीकडे यंत्र एकच, फरक रचनेचा. पहिल्या रचनेत मुलाला अडखळायची वेळच येत नाही, त्यामुळे पाहण्याजोगे काही उरत नाही. दुसऱ्या रचनेत अडखळणे मुलाच्याच वाट्याला ठेवलेले आहे. या तंत्राला विरोध करायचा की त्याचे स्वागत करायचे या वादात शक्ती घालवण्यापेक्षा कुठल्या रचनेला आपल्या शाळांचे दार उघडायचे ते ठरवणे जास्त गरजेचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यामागे खरी काळजी असते: अभ्यासक्रम पुरा होत नाही, वर्गात साठ मुले आहेत, परीक्षा डोक्यावर आहे; असले शोध सुखवस्तू घरांतल्या मुलांनी लावावेत. याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच दिले आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी करत शिकली, आणि ते काम गावकऱ्यांच्या खऱ्या गरजांसाठी होते. खरे काम कोणाच्याही धड्याप्रमाणे चालत नाही. विहिरीसाठी पाणी कुठे लागेल ते विद्युतरोध मोजून शोधताना, छोटा ट्रॅक्टर जोडताना रोज काहीतरी बिनसते, आणि बिनसलेल्या गोष्टीतून विज्ञानाचा पुढचा प्रश्न निघतो. अमेरिकेतल्या एमआयटीने जगभर फॅब लॅब उभारायचे ठरवले तेव्हा अगदी पहिल्यांपैकी एक २००२ साली याच पाबळमध्ये उभी राहिली, हा काही योगायोग नव्हता. अनपेक्षित घडलेले वाचायला तयार असलेले डोळे तिथे आधीच होते. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिमितीय आकृत्या उभ्या केल्या आणि पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात टाकाऊतून खेळणी घडवण्याची परंपरा रुजवली. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे बोटांना अचानक कळते. पूल आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात याचे उत्तर तिथून सुरू होते. यासाठी पैसा लागत नाही. वेळेचा हिशेब म्हणाल तर कपूर यांच्या प्रयोगात जास्त तास दिले नव्हते, होत्या त्याच तासांचा क्रम बदलला होता. आणि सुखवस्तू घरातल्या मुलाला रेंगाळायची जागा घरीच मिळते. ज्याला ती फक्त शाळेतच मिळू शकते, त्याची ती जागा परीक्षेच्या नावाने काढून घेणे हा दुहेरी अन्याय आहे.

शेवटचा आक्षेप प्रशासनाचा: अनपेक्षित गोष्ट मोजायची कशी? मोजता येत नाही ते मागता येत नाही आणि त्यासाठी निधीही देता येत नाही. अवचित शोधांची संख्या मोजायला गेलो तर शोधांचे नाटक सुरू होईल, हे खरेच. पण शोधासाठी ठेवलेली जागा मोजता येते. एखाद्या ॲपमध्ये मुलाला यादीबाहेरचा प्रश्न विचारता येतो का, तो प्रश्न कोणा माणसापर्यंत पोहोचतो का, चुकीचा प्रयत्न पुसला जातो की जतन होतो, शिक्षकाच्या पडद्यावर गुणांच्या टक्केवारीशेजारी मुलांची विलक्षण उत्तरेही दिसतात का, हे सगळे साधन विकत घेण्याआधी तपासता येते. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून किती वेळ ‘याचे काय झाले?’ यासाठी मोकळा आहे, हेही विचारता येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडच्या कामाची चर्चा सर्वत्र झाली. त्या कामातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच नाही की पुस्तकाला कोड जोडता येतो. एका गावातला शिक्षक समोरच्या मुलांना पाहून साधनात बदल करू शकतो आणि तो बदल राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत जाऊ शकतो, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. नवकल्पनेचा अधिकार वर्गापर्यंत आला की ती कशी वाढते, हे त्यातून दिसते.

या विषयात शिरणाऱ्या वाचकाकडून म्हणून एकच अपेक्षा आहे. पुढच्या पानांत साधने येतील, त्यांची नावे येतील, आणि त्यांतली काही थोड्या वर्षांत जुनीही होतील. प्रत्येक वेळी ते ६० अंशांनी वळणारे कासव डोळ्यांसमोर ठेवावे. त्याने काढलेली उघडी आकृती पडद्यावर आहे, मूल तिच्याकडे पाहत आहे, आणि तास संपायला दहा मिनिटे उरली आहेत. साधन बनवणाऱ्याने ती आकृती पुसली नाही, वेळापत्रक आखणाऱ्याने ती दहा मिनिटे शिल्लक ठेवली आणि शिक्षकाने जवळ येऊन ‘अजून तीनदा सांगून बघ बरं’ एवढे म्हटले, तर त्या मुलाला आज षटकोन भेटेल.